दारू सोडवणारी काळी कॉफी: एका फॉरवर्डला उत्तर

‘काळी कॉफी प्या, २१ दिवसांत दारू कायमची सुटेल’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, ‘एका प्रसिद्ध वैद्यांचा अनुभव’ एवढाच हवाला. असल्या मेसेजना मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला. तिचे यजमान गेली कित्येक वर्षं रोज पिणारे, सकाळी उठल्यावरही थोडी लागतेच. त्यांनी कधी नव्हे ते ‘आता सोडतो’ म्हटलं आणि तिने मनोविकारतज्ज्ञांची घेतलेली वेळ रद्द करून कॉफीची मोठी बाटली आणि डझनभर लिंबं आणून ठेवली. तेव्हा हे लिहिताना माझा आवाज चढला तर चढू दे.

मेसेजात पाच मुद्दे आहेत. क्रमानेच घेते, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. कारण पहिल्या मुद्द्याने माणूस मरू शकतो.

१. ‘दारू एका दिवसात पूर्ण बंद करा. हात थरथरतील, घाम येईल, रात्री बडबड होईल. घाबरू नका, ते शरीरातलं विष बाहेर पडतंय. दर दोन तासांनी लिंबू पिळून कडक काळी कॉफी द्या. तीन दिवस डॉक्टरकडे नेऊ नका, ते गुंगीच्या गोळ्या देऊन नवं व्यसन लावतात.’

थरथर म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला सतत दारूची गुंगी असते. त्या गुंगीतही जागं राहायचं, काम करायचं, म्हणून मेंदू आपल्या शांत करणाऱ्या यंत्रणा ढिल्या करतो आणि चेतवणाऱ्या वाढवतो. असं वर्षानुवर्षं चालतं. मग एके दिवशी दारू अचानक थांबते. गुंगी जाते, पण चेतवणारी यंत्रणा तशीच जोरात चालू राहते. हातांची थरथर, घाम, छातीत धडधड, ओकाऱ्या, चढलेलं बीपी, उडालेली झोप हे सगळं त्यातून येतं. याला विड्रॉवल म्हणतात. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून ते सुरू होऊ शकतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काही जणांना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमन्स, म्हणजे थरथरीसोबत भ्रम होऊन जिवावर बेतणारी अवस्था, होतो. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात त्याला नुसतं ‘डीटी’ म्हणतात.

मेसेजमधली ‘रात्रीची बडबड’ ती हीच. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी मी ती पाहिली आहे. तिसऱ्या रात्री तो पलंगावर बसून चादरीवरच्या मुंग्या एकेक करून चिमटीत पकडत होता आणि वाटीत टाकत होता. मुंग्या नव्हत्या. आईला त्याने ओळखलं नाही, अंगात ताप होता आणि बनियन पिळून काढावा इतका घाम. त्याला उचलून दवाखान्यात नेलं म्हणून तो आज आहे. डीटीवर धड उपचार नव्हते त्या काळात, तो झालेल्यांपैकी एक तृतीयांशापर्यंत माणसं दगावत. आज वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलंय. म्हणजे फरक पाडला तो उपचारांनी. आणि मेसेज नेमके त्याच तीन दिवसांत डॉक्टरकडे नेऊ नका म्हणतो!

आता त्यात कॉफी ओतली की काय होतं? आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं एक रसायन असतं, ते मेंदूला थंड करतं, झोपेकडे नेतं. कॅफिन त्याची जागा अडवतं. कॉफीने तरतरी येते ती त्यामुळेच. आधीच चेतवलेल्या मेंदूचा उरलासुरला लगामही मग सैल होतो. ज्याचं हृदय धडधडतंय, हात थरथरतायत, डोळ्याला डोळा लागत नाहीये, त्याला दर दोन तासांनी, म्हणजे रात्रीसुद्धा, कडक कॉफी पाजायची? दारूने आतून सोललेल्या जठरावर वरून लिंबू पिळायचं? ओकाऱ्या होणाऱ्या माणसाच्या पोटात दोन घोट साधं पाणी टिकवणं मुश्कील असतं. शिवाय धडधड आणि थरथर कॉफीची की विड्रॉवलची, हे घरच्यांना कळायला मार्ग राहत नाही. तेवढ्यात वेळ निघून जाते.

‘गुंगीच्या गोळ्यां’बद्दल. हो, क्लोरडायाझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम या गोळ्यांची सवय लागू शकते. तेवढं खरं आहे. म्हणूनच त्या मोजून देतात, बहुतेकदा आठवडाभरात उतरत्या क्रमाने बंद करतात आणि घरी दिल्या तर पाकीट घरच्यांच्या हातात ठेवतात. दारूने शांत ठेवलेल्या मेंदूला एकदम खाली न आपटता पायरी पायरीने उतरवायचं, हे त्यांचं काम. फिट आणि डीटी टळतात ते त्यामुळे. जोडीला बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शनं लागतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते बऱ्याचदा पार आटलेलं असतं. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर ती इजा ओढवून घेतल्यासारखं होतं. तेव्हा ‘कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून एक सलाईन लावून आणू’ हाही मार्ग नाही. जो कुणी सलाईन लावेल त्याला दारूचं सगळं खरं सांगा.

आणि डॉक्टर म्हणजे व्यसनमुक्तीचा शत्रू असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभं केलं त्या डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञच होत्या.

प्रत्येकाला भरती व्हावं लागतंच असं नाही. कमी पिणाऱ्याचं घरीही निभतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. आधी कधी फिट आली असेल, डीटी झाला असेल, वय जास्त असेल, सकाळी उठल्या उठल्या लागत असेल, तर घरी प्रयोग नकोत. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत.

२. ‘कॉफीने लिव्हर नव्यासारखं होतं.’

इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. कॉफी आणि लिव्हर यांचा काहीतरी चांगला संबंध दिसतो. कॅलिफोर्नियात आर्थर क्लात्स्की आणि सहकाऱ्यांनी १,२५,५८० लोकांची माहिती वर्षानुवर्षं तपासून २००६ साली निष्कर्ष छापले: जे जास्त कॉफी पीत त्यांच्यात दारूमुळे होणारा सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होत निकामी होण्याचा आजार, कमी आढळला, दिवसाला चार किंवा जास्त कप पिणाऱ्यांत तर बराच कमी. चहाच्या बाबतीत तसं दिसलं नाही. पण नीट वाचा. हे निरीक्षण आहे. कॉफी पाजून कुणाचं लिव्हर बरं केलेलं नाही. ‘नव्यासारखं’ हा शब्द मेसेजवाल्याने घातलेला. सिरॉसिस झाला असेल तर कॉफीने तो पुसला जात नाही. उलट लिव्हर फार खराब असेल तर कॅफिन अंगातून निघायला कितीतरी जास्त वेळ लागतो, सकाळचा कप रात्रीपर्यंत पुरतो. लिव्हरला खरी उसंत मिळते ती दारू थांबल्याने.

३. ‘नवरा तयार नसेल तर बायकांनी चहा-कॉफीत अमुक पावडर नकळत मिसळावी.’

नाही. कधीच नाही. अशा बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते विकणारा सांगत नाही. काहींत डायसल्फिराम असू शकतं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधडतं, बीपी कोसळतं. हृदय कमकुवत असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरही देतात, पण माणसाला सगळं समजावून, त्याच्या होकाराने, तपासण्या करून. ज्याला माहीतच नाही तो कोपऱ्यावरच्या बारमध्ये क्वार्टर लावणारच. आणि उद्या त्याला कळलं की बायको चहात काहीतरी घालत होती, तर तिच्या हातचं पाणीही तो संशयाने पिईल. ज्या घरात आधीच मारझोड आहे तिथे हे तिच्या जिवावर बेतेल. मेसेज लिहिणाऱ्याने त्या बाईचा विचार एका ओळीपुरताही केलेला नाही.

४. ‘तलफ आली की एनर्जी ड्रिंक द्या.’

साखर आणि कॅफिन, बाकी काही नाही. दारूत मिसळून प्यायची ज्यांना सवय होती त्यांना तर त्या डबीनेच जुनी चव आठवते. पुढे.

५. ‘२१ दिवसांनी चहा-कॉफीही कायमची बंद करा. कॅफिन हीसुद्धा नशाच आहे. चहा पिणारा खरा व्यसनमुक्त नाही, तो पुन्हा दारूकडे वळतोच.’

आधी एकवीस दिवस दोन-दोन तासांनी पाजायची आणि मग तीच नशा म्हणून हिसकावून घ्यायची, हे लिहिताना लेखकाला काही खटकलं नाही. पण हा मुद्दा मला गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण घरोघरी तो ऐकू येतो. ‘दारू सोडली म्हणे, पण दिवसाला सहा चहा लागतात’ असं सासरे, मेहुणे, शेजारी माणसासमोर बोलतात.

२००८ साली अमेरिकेत नॅशव्हिल इथे अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या चळवळीतल्या २८९ सभासदांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले ८८.५ टक्के कॉफी पीत होते, आणि त्या कॉफी पिणाऱ्यांतला तिसरा हिस्सा दिवसाला चार कपांहून जास्त. ही माणसं मीटिंगला येणारी, दारूपासून दूर राहू पाहणारी. कॉफीमुळे ती दारूपासून लांब राहिली असं ही पाहणी सिद्ध करत नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण ‘कॅफिन पिणारा दारूकडे वळतोच’ या ‘च’ला इथे कुठे जागा उरते? १९३५ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला सुरू झालेल्या या चळवळीच्या खोल्यांत कॉफीची किटली असतेच, आपल्याकडच्या मीटिंगांत चहाची.

भावासोबत मी एएच्या खुल्या, म्हणजे घरच्यांनाही येता येतं अशा, मीटिंगांना गेले आहे. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग, लहान मुलांचे बाक, कोपऱ्यात स्टीलचा थर्मास आणि कागदी पेले. नवीन आलेल्याला तिथले जुने सभासद पेला अर्धाच भरून देत. हात थरथरतात, चहा सांडला की तो ओशाळतो आणि पुढच्या वेळी येत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होतं. थोडा स्थिरावला की चहा वाटायची सेवा त्याच्याकडेच. घरात ज्याच्या हातात कुणी दुधाचे पैसेही देत नव्हतं, त्याला इथे काम मिळायचं आणि लोक ‘थँक्यू’ म्हणायचे. ज्याच्या सगळ्या संध्याकाळी ‘बसण्यात’ गेल्या त्याला सहा ते आठ या वेळात हातात धरायला काहीतरी लागतं आणि बोलायला माणसं लागतात. तो चहा काढून घेऊन तुम्ही त्याला काय देणार?

कॅफिनची सवय लागते, हे मान्य. रोजचा चहा अचानक तोडला तर डोकं दुखतं, चिडचिड होते, काही दिवस टिकते. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या अमेरिकन नियमपुस्तकात कॅफिन विड्रॉवलची नोंद आहे. मात्र कॅफिनच्या व्यसनाला त्याच पुस्तकाने अजून आजार म्हटलेलं नाही, पुढच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवलंय. दारूशी बरोबरी करायची तर चहासाठी कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेलं मला दाखवा. आणि दारू सुटून जेमतेम तीन आठवडे झालेल्या माणसाला मुद्दाम डोकेदुखी आणि चिडचिड देण्यात कसलं शहाणपण आहे?

काळजी घ्यायची ती वेगळ्या कारणाने, झोपेच्या. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात, आणि न झोपलेला माणूस घसरायला सोपा असतो. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त घटते, असं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं. ४०० मिलिग्रॅम म्हणजे निरोगी माणसाची दिवसभराची वरची मर्यादा. आपल्या घरच्या चहात ते बरंच कमी असतं, पण सहा-सात चहा आणि वर दोन कॉफ्या झाल्या तर हिशेब तिथे जातो. म्हणून दुपारी चारनंतर कमी करा, मीटिंगचा चहा अर्धा पेला ठेवा. जास्त कॉफीने छातीत धडधडतं, जीव कासावीस होतो, आणि नव्याने सोबर झालेल्याला ती तलफच वाटते. असं होत असेल तर कप हळूहळू कमी करायचे, एका दिवसात तोडायचे नाहीत.

डायसल्फिराम चालू असेल तर कॅफिन शरीरातून सावकाश निघतं, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. तेव्हा मामेबहिणीला मी सांगितलंय की रद्द केलेली वेळ आजच परत घे, आणि भाऊजींना घेऊन जाशील तेव्हा रोजची दारू किती, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, याच्या जोडीने दिवसाला चहा-कॉफीचे किती कप होतात तेही डॉक्टरांना सांग.