स्वयंपाकघरातली टपालपेटी

खडेबाजारातून घेतलेला एक खाकी शर्ट माझ्याकडे आहे. कापड घट्ट, रंग जाता जात नाही, म्हणून टाकवत नाही. तो घालून बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उभा राहिलो की मी कंडक्टर होतो. "खानापूर गाडी कवा हाय हो?" "निप्पाणी बस यावाग री?" मी "गोत्तिल्ल री" (ठाऊक नाही हो) म्हटलं, तर लोक मान हलवून पुटपुटतात, कामं करायला नकोत यांना. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून तर आज्ज्या आधार कार्ड थेट माझ्या नाकासमोर धरतात.

आज्ज्यांच्या डोळ्यांना दोष देणार नाही. डोळ्यांचा आवाकाच तेवढा. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा; अगदी बारकाईनं दिसणारा भाग साधारण त्याच मापाचा. बाकीचं सगळं धूसर, आणि त्या धूसरात काय असेल ते मेंदू आजूबाजूचा मामला बघून ठरवतो. डोळ्यांकडून निघालेला निरोप वाटेत मेंदूतल्याच थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतो. तिथल्या जोडण्यांपैकी डोळ्यांकडून आलेल्या जेमतेम दहातली एखादी. मेंदूच्या वरच्या मजल्यावरून खाली उतरणाऱ्या कितीतरी जास्त. साक्षीदार एक आणि त्याला पढवणारे वकील ढीगभर, असा हा खटला.

राजेश राव आणि डाना बॅलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९९९ साली याची एक रीत मांडली: वरून अंदाज खाली येतो, आणि खालून वर जाते ती फक्त अंदाज आणि प्रत्यक्ष दिसलेलं यांतली तफावत. अंदाज जुळला की वर कळवायला काही उरत नाही. आता बघा. स्टँड आहे, खाकी आहे, माणूस खांबाला टेकून कंटाळलेला आहे. अंदाज शंभर टक्के जुळला! माझ्या नाकाडोळ्यांची बातमी वर जाते कशाला?

पण मला खरा माझा वाटला तो अमेरिकेतल्या स्टीफन पामर या मानसशास्त्रज्ञाचा १९७५ सालचा प्रयोग. त्यानं लोकांना आधी स्वयंपाकघराचं चित्र दाखवलं आणि मग क्षणभरच एखादी वस्तू. पाव दाखवला तर लोक झटकन ओळखत. तिकडची घरापुढची टपालपेटी असते पावाच्याच घाटाची. ती दाखवली की मात्र गफलत होई. ती टपालपेटी म्हणजे मी.

त्यात आमच्या सीमाभागात मेंदूला दुप्पट काम. समोरचा कोण हे ठरवायचंच, शिवाय तोंड उघडायच्या आत भाषाही ठरवायची. स्टँडवर या शर्टाशी लोक बहुतेक कन्नडात बोलतात, गणपत गल्लीत मराठीत. कॅम्पात तर हिंदीत "हवालदारसाहेब" म्हणून नमस्कार मिळतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे तिथं खाकी आणि मिशी एवढा पुरावा पुरतो. (मिशी माझी स्वतःची आहे. ती काढणार नाही.)

"मग तो शर्ट भांडीवालीला देऊन टाका की," असं हिचं म्हणणं. म्हणून परवा शहापूरला साड्या घ्यायला निघालो तेव्हा मुद्दाम पांढराशुभ्र शर्ट घातला. दुकानात बघतो तर सगळे सेल्समन पांढऱ्यात. ही गादीवर बसली, मी मागच्या कपाटाशी हाताची घडी घालून उभा राहिलो, आणि दोनच मिनिटांत एका काकूंनी हुकूम सोडला, "ओ दादा, ती वरची आंबा कलर काढा."

मी मुकाट्यानं काढली. पदर उलगडून दाखवला. काठ पक्का आहे, रंग जाणार नाही, असंही सांगितलं. रंग न जाण्याबद्दल मी अधिकारानं बोलू शकतो. काकू भावावर आल्या. खूप ओढाताण झाली. शेवटी मी दोनशे कमी केले. माझ्या खिशातून थोडेच जाणार होते? काकू खूश होऊन गल्ल्याकडे निघाल्या.

तेवढ्यात शेजारच्या गादीवरून, साड्यांच्या ढिगातून मान वर न काढता एक बाई म्हणाली, "दादा, मग आमच्यातपण दोनशे कमी करा की."

आवाज आमच्याच घरातला होता.