सी८च्या उंटाचं काय करायचं?

बुद्धिबळात पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं, की निदान भांडण कुठं पेटणार हे तरी कळतं. वजिरापुढचं सारलं, की काहीच कळत नाही. डी४, म्हणजे डी पट्टीतलं चौथं घर : पट्ट्या ए ते एच, घरं पांढऱ्याकडून १ ते ८. प्यादं पुढं, पाठीशी वजीर, चेहऱ्यावर साळसूदपणा. आणि इकडे मी काळ्या सोंगट्या घेऊन पहिल्याच चालीला असा विचारात बुडतो, की बघणाऱ्याला वाटावं डाव शेवटाला आलाय.

बचाव, म्हणजे पांढऱ्याच्या सुरुवातीला काळ्याचं ठरलेलं उत्तर, स्वभावाला साजेसा निवडावा, असं जाणकार सांगतात. माझा स्वभाव असा, की मला हरायचंही नाही आणि पाठांतरही करायचं नाही. या स्वभावाचा बचाव अजून कुणाला सापडलेला नाही. म्हणून मी स्वभावाचा नाद सोडला आणि एकच प्रश्न धरून बसलो : सी८वरच्या उंटाचं काय करायचं?

डी४समोर काळ्याचं निम्मं दुखणं या उंटात आहे. एफ८चा त्याचा भाऊ ई-प्यादं हललं की मोकळा होतो. हा पडला पांढऱ्या घरांवरून चालणारा. आणि डी५ला आधार म्हणून ई६ खेळावं, तर ती दोन्ही प्यादी बरोब्बर पांढऱ्याच घरांवर. डी४, डी५ नंतर पांढरा सी४ खेळून प्यादं पुढं करतो, ते क्वीन्स गँबिट; ते नाकारायची जुनी-जाणती रीत हीच. १९२७ साली ब्यूनॉस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यांतले ३२ याच बचावाचे. बचाव भक्कम आहे, वादच नाही. भिंत भक्कमच आहे. फक्त तिच्यात उंट चिणलेला आहे.

बरं, पांढऱ्यानं सी-प्याद्यानं डी५ मारलं, आपण ई-प्याद्यानं परत मारलं आणि उंटाची वाट उघडली, तरी हुरळून जायचं कारण नाही. पांढरा वजीर सी२वर येतो आणि उंटाला हवं असलेलं एफ५ नेमकं तेवढंच घर अडवतो. मग त्याचं बी-प्यादं रांगत बी४, बी५ असं येतं. दोघांनी तिघांना छेडायचं, याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. शेवटी आपलं सी६चं प्यादं एकटं आणि दुबळं पडतं, आणि उरलेला डाव त्याच्या शुश्रूषेत जातो. ते टाळायचं तर वजिराच्या बाजूला नुसती राखण करत बसू नये. घोडा ई४वर रोवून राजाच्या बाजूला कटकट सुरू करावी.

स्लाव्ह बचाववाले म्हणतात, ई६ कशाला, सी६ खेळा. दार उघडंच राहील. पटतं. पण उघड्या दारातून धावत सुटलं की फजिती. आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, अशा जोड्यांनी : डी४ डी५, सी४ सी६, घोडा एफ३ घोडा एफ६, घोडा सी३, आणि आता उंट सरळ एफ५ला? पांढरा डी५वर प्याद्यांची अदलाबदल करतो आणि वजीर बी३वर आणतो. बी७चं प्यादं रडकुंडीला येतं, कारण त्याला सांभाळणारा एकुलता एक गृहस्थ नुकताच फिरायला बाहेर पडलेला असतो. म्हणून आधी डी-प्याद्यानं सी४ मारायचं. आपलं बी५ रोखायला पांढरा ए४ खेळतो, आणि मगच उंट एफ५वर. तेवढ्या एका चालीच्या क्रमावर अख्खा बचाव उभा आहे. अर्थात पांढऱ्यानं तिसऱ्याच चालीला डी५ मारलं, तर दोन्हीकडे आरशात पाहिल्यासारखी सारखी प्यादी उरतात, आणि जिंकायला बसलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

सेमी-स्लाव्हमध्ये सी६ही आणि ई६ही, म्हणजे उंटाला दोन कुलपं. तरी २००८ साली बॉनमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदनं क्रामनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा डाव याच बचावाच्या मेरान प्रकारात, काळ्या सोंगट्यांनी जिंकला. त्या डावांत हा उंट बी७वर आला तो चौदाव्या चालीला. इतका वेळ उंटाला घरी ठेवून पटावर आग लावता येते, पण त्यासाठी आनंद असावं लागतं. आपण नवव्या चालीला पाठांतर विसरतो आणि आगीत राहतो.

किंग्ज इंडियन बचावात मात्र या उंटाचं नशीब फळफळतं, तेही घरातून न हलता. घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, किल्लेकोट, मग ई५. पांढऱ्यानं डी५ रेटून मध्य बंद केला की शर्यत सुरू : तो वजिराच्या बाजूनं सी५ घेऊन येतो, आपण एफ५, एफ४, जी५, जी४ करत त्याच्या राजावर. थाटामाटात जी७वर बसवलेला उंट आपल्याच ई५ प्याद्याकडे तोंड करून बसतो आणि सी८चा दुर्लक्षित उंट घरबसल्या एच३वर नेम धरतो. पांढऱ्यानं एच३ खेळलं, की प्राण देऊन राजाचं छप्पर उडवायचं काम त्याचं. शहाणा पांढरा म्हणूनच घोडा बी५वरून ए७वर नेतो, प्याद्यासाठी नव्हे, या उंटाला मारण्यासाठी. एवढा मोठा घोडा पटाच्या कोपऱ्यात खर्ची पडतो. उंटाची किंमत त्यावरून करावी. मुद्दाम सांगतो, हा उंट कंटाळून बदलून टाकलात, तर राजावरचा हल्ला म्हणजे नुसती प्याद्यांची प्रभातफेरी.

बाकीच्या बचावांची ओळख धावती. ग्रुनफेल्डमध्ये पांढऱ्याला मध्य द्यायचा आणि मग सी५, घोडा सी६, उंट जी७, उंट जी४ असं सगळ्यांनी मिळून डी४च्या मुळावर उठायचं. नाव एर्न्स्ट ग्रुनफेल्डचं, १९२२पासूनचं. पण बंगालच्या मोहेशचंद्र बॅनर्जींनी जॉन कॉक्रेनविरुद्ध तो १८५५मध्येच खेळून ठेवला होता. निम्झो-इंडियन उत्तम, पण पांढऱ्याचा घोडा सी३वर आला तरच. तो एफ३वर गेला की दुसरा बचाव पाठ हवा, आणि तिसरी चाल जी३ असेल तर तिसरा. बेनोनी बचावाच्या या हिब्रू नावाचा अर्थच 'माझ्या दुःखाचा पुत्र'. निवडणाऱ्यानं तक्रार करू नये. डच स्टोनवॉलमध्ये एफ५, ई६, डी५, सी६ अशी चार प्यादी पांढऱ्या घरांवर, आणि उंटाला डी७, ई८, एच५ अशी प्रदक्षिणा.

एवढं सगळं करून मी बसतो. पांढरा डी४ खेळतो. मी डी५. आणि तो सी४कडे ढुंकूनही न बघता उंट एफ४वर काढतो. लंडन पद्धत! ई३ खेळण्याआधीच उंट बाहेर. ज्या प्रश्नावर मी रात्री जागवल्या, तो त्यानं आपल्या उंटापुरता दुसऱ्या चालीत मिटवला. पुढं ई३, सी३, घोडा एफ३. समोर काय आहे हे बघायचीही गरज नाही.

इथं चिडून एच६, जी५ अशी प्यादी फेकू नयेत. सी५, घोडा सी६, घोडा एफ६, आणि ई६ला हात न लावता वजीर बी६, बी२वर डोळा ठेवून. तो वजीर बी३वर आणतो, आपण सी४ ढकलतो. वजिरावजिरी झाली तर ए-पट्टी आपल्या हत्तीला मोकळी. वजीर सी२वर मागं सरला, तर उंट एफ५! सरळ वजिराच्या तोंडात. खाल्ला, तर आपला वजीर बी२ घेतो आणि ए१चा हत्ती कोपऱ्यातच जातो. तेव्हा तो खात नाही. त्याचा वजीर बी२ राखायला मुकाट्यानं सी१वर, आपल्याच उंटानं रिकामं केलेल्या घरात, जाऊन बसतो.