ताकारीचा थांबा

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चुलतभावानं एक जुना फोटो टाकला. सांगलीकडचं आमचं ताकारी स्टेशन, फलाटाला लागलेली पॅसेंजर, पुढं डिझेल इंजिन आणि त्याच्या डोक्यावर काळ्या धुराचा लोट. खाली दोन ओळी: 'सुटलो एकदाचे या भंगारातून. आता पॅसेंजरपण बंद करा आणि वंदे भारत वाढवा.' धडाधड अंगठे आले. मी लिहिलं, दादा, इंजिन गेलं ते समजलं, पण पॅसेंजरनं काय घोडं मारलंय? त्याचं उत्तर आलं: 'तायडे, तुझं बरंय. तिकडं बसून बोलायला काय जातंय? तिकडं असलं डबडं एक दिवस तरी चालवून घेतील का?'

घेतात, दादा. वर्षानुवर्षं घेतायत, आणि त्यात मी बसते.

मी स्कॉटलंडमध्ये मॉन्ट्रोजला राहते, नोकरी ॲबर्डीनला. सकाळची माझी गाडी बऱ्याचदा इंटरसिटी १२५ असते, दोन टोकांना दोन डिझेल इंजिनं आणि मधे डबे. ही गाडी ऑक्टोबर १९७६ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टनहून पहिल्यांदा सुटली. तिची इंजिनं १९८२ पर्यंत बनत होती, म्हणजे आज धावणाऱ्यांतलं सगळ्यांत धाकटंही चाळिशी ओलांडलेलं. मुळात ती तात्पुरती सोय होती. वळणावर कलणारी नवी गाडी तयार होईतो हिच्यावर भागवू, असा बेत होता. कलणाऱ्या गाडीचं काही जमलं नाही, आणि ही तात्पुरती गाडी इंग्लंडच्या मोठ्या मार्गांवर ताशी २०० किलोमीटरनं चार दशकं पळाली. १९८७ मध्ये तिनं ताशी २३८ किलोमीटरचा डिझेल गाड्यांचा जागतिक विक्रम केला.

२००६ मध्ये मी इथं आले, तेव्हा ॲबर्डीनहून लंडनला याच गाडीनं गेले होते. उतरताना दार उघडेना. आतून मूठच नव्हती. मागचे एक आजोबा पुढं झाले, दाराची काच खाली ओढली, हात बाहेर घातला आणि बाहेरची मूठ फिरवून दार ढकललं. त्यांच्या कोटाच्या बाहीला काजळी लागली, ती त्यांनी झटकली आणि मला आधी उतरू दिलं. परक्या देशात पहिल्यांदा काही ओळखीचं भेटलं ते त्या दारात. आता आमच्या गाड्यांची दारं सरकती झालीत, मूळचं इंजिन काढून जर्मन इंजिन बसवलंय. सांगाडा तोच आहे, आणि त्याला भंगार म्हटलेलं मी इथं फारसं ऐकलं नाही.

आता आपल्या फोटोतल्या इंजिनाबद्दल. ते डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं, १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं आपल्या देशानं बांधली. मेल जोडा, मालगाडी जोडा, पॅसेंजर जोडा, ते ओढायचं. वाफेच्या इंजिनांकडून देशाचा भार ज्यांनी उचलला त्यांत सगळ्यांत मोठा खांदा याचा.

हे मी वाचून सांगत नाही. माझे वडील, अण्णा, पुण्यात घोरपडीच्या डिझेल शेडला फिटर होते. दादाला फोटोत धूर दिसला, मला त्या धुराचं कारण दिसलं. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की डिझेल लगेच सिलिंडरमध्ये जातं, पण हवा आत कोंबणारा टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर, त्याला वेग धरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून तो लोट. अण्णा म्हणायचे, सुटताना काळं ओकलं तर काळजी नाही, वेग धरल्यावरही ओकत राहिलं तर इंजिनाचं काहीतरी दुखतंय.

इंजिन शेडात आलं की त्याच्या वंगणाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. तेलात लोखंडाचे कण किती, तांब्याचे किती, यावरून आत सिलिंडरचं अस्तर, म्हणजे लायनर, झिजतोय की बेअरिंग, ते इंजिन न उघडता कळायचं. अण्णा बाटली भरायच्या आधी एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून बघत. बोटं सरसर घसरली तर तेलात डिझेल उतरलंय. ही सवय एवढी मुरलेली, की घरी आईनं नवं गोडेतेल आणलं तरी त्यांची दोन बोटं आपोआप एकमेकांवर फिरायची. जे असं रोज हाताळून जिवंत ठेवलं जातं, त्याला भंगार म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

अण्णा आठवडाभर पुण्यात आणि आम्ही गावी. शनिवारी ते पॅसेंजरनं यायचे. कराडच्या पुढं शेणोली, भवानीनगर, मग ताकारी. तेव्हा एकेरी मार्ग होता, त्यामुळं गाडी कुठंतरी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहायची, समोरून एक्स्प्रेस निघून जायची आणि मग हिला सिग्नल मिळायचा. आम्ही भावंडं फलाटाच्या टोकाला उभी. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खिडक्यांच्या गजांना बाहेरून दुधाच्या किटल्या टांगलेल्या असायच्या, गाडी थांबताना त्या एकदम पुढं झुलून डब्यावर आपटायच्या, आणि त्या आवाजावर आई चहा टाकायची. घर रुळांपासून तेवढंच लांब होतं.

गंमत अशी, की मॉन्ट्रोजच्या दक्षिणेला उसानपर्यंत आजही एकेरी मार्ग आहे. ॲबर्डीन ते डंडीमधला तेवढाच तुकडा. समोरची गाडी त्यात असली की आमची उभी राहते. सगळे फोन बघतात. मी मान वर करून खिडकीबाहेर बघत बसते, आणि मला ताकारीच्या आधीचा तो लूप दिसतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि दादा म्हणतो, आपण मागासलेले! अरे, इथं डनब्लेनच्या उत्तरेला रुळांवर विजेची तार नाही. पर्थला नाही, डंडीला नाही, मॉन्ट्रोजला नाही, ॲबर्डीनला नाही. पूर्ण ब्रिटनमध्ये निम्म्याहून कमी रेल्वेमार्गावर तार आहे. आपल्या देशातल्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळपास पूर्ण झालंय. ताकारीवरून तार गेली, दुसरा रूळ पडला. वाराणसीला तर जुन्या डिझेल इंजिनांचं विजेच्या इंजिनात रूपांतर करून दाखवलंय. मला याचा इथं अभिमान वाटतो. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की मी हे आवर्जून सांगते, आणि समोरच्याला ते खरं वाटत नाही तेव्हा जरा जास्तच जोरात सांगते.

म्हणून डिझेल गेलं याचं दुःख करत बसा असं माझं म्हणणंच नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. इंजिन बदललं की गाडीच काढून टाकायची, हे कुठून आलं? इंजिन जुनं होतं. ताकारीला थांबणं जुनं होत नाही. मिरजेच्या दवाखान्यांत जाणारी म्हातारी माणसं जुनी होत नाहीत, सांगलीच्या कॉलेजला पास काढून जाणाऱ्या पोरी जुन्या होत नाहीत. २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत धावते, छान आहे, पण ती ताकारीला थांबत नाही आणि थांबूही नये, तिचं ते काम नव्हे. करोनाच्या काळात देशभर पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. पुढं त्या एक्स्प्रेस म्हणून परत आल्या तेव्हा १० रुपयांचं किमान तिकीट ३० झालं. ते पुन्हा खाली यायला २०२४ उजाडलं. रोज दोन स्टेशनं जाणाऱ्या बाईला त्या २० रुपयांचा अर्थ विचारा. मॉन्ट्रोजहून निघालेली आमची गाडी स्टोनहेवनला थांबते. तिथं चार माणसं चढतात तरी थांबते. थांबायचं सोडा, अशी मागणी करणारा मला इथं भेटलेला नाही.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पाठवल्यावर मात्र मला झोप लागली नाही, कारण एक गोष्ट मी गाळली होती.

१२ ऑगस्ट २०२० ला याच मार्गावर, स्टोनहेवनच्या दक्षिणेला कार्मांटला, याच प्रकारची गाडी रुळांवरून घसरली. सकाळच्या मुसळधार पावसानं नाल्यातली खडी वाहून रुळांवर आली होती. चालक, गार्ड आणि एक प्रवासी असे तिघं गेले. टाळेबंदीचे दिवस, गाडीत सगळे मिळून नऊच जण. मी घरून काम करत होते. एरवी त्या गाड्यांत मी असते. चौकशी अहवालात नाल्याच्या सदोष बांधकामाबरोबर असंही आलं, की आजच्या सुरक्षा-नियमांप्रमाणे बांधलेले डबे असते तर परिणाम बहुधा कमी गंभीर झाला असता. चालकांच्या संघटनेनं या गाड्या काढाव्यात अशी मागणी लावून धरली. त्या बदलायचं आता ठरलंय, आणि त्या संघटनेचं म्हणणं मला चुकीचं ठरवता येत नाही. पुढं बसणारे ते आहेत.

म्हणजे दादाचं थोडं बरोबर होतं. जुन्या गाडीचा धूर त्यानं खाल्लाय. काकूला दमा आहे आणि त्यांचं घर आमच्या घराहून रुळांच्या अजून जवळ. किटल्यांचा आवाज मला आठवतो, त्याला दाराच्या पायरीवर लोंबकळत कराड गाठणं आठवतं. आम्ही दोघं एकाच गाडीबद्दल बोलत नव्हतो. तो ज्या गाडीनं जायचा तिच्याबद्दल बोलत होता. मी, जिच्यातून अण्णा उतरायचे तिच्याबद्दल.

मागच्या जानेवारीत गावी गेले तेव्हा मी पुण्याहून थेट टॅक्सी केली. सामान होतं, पोरं होती, ही कारणं खरी आहेत. तरी अण्णा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी एकदाही पॅसेंजरनं ताकारीला उतरलेले नाही. गावाबाहेरच्या फाटकात टॅक्सी थांबली आणि विजेचं इंजिन लावलेली पॅसेंजर समोरून गेली, धुराशिवाय, जवळजवळ आवाजाशिवाय. खिडक्यांना किटल्या नव्हत्या. धाकट्यानं विचारलं, 'आई, ही गाडी कुठं जाते?' मी म्हटलं, 'आपल्या घरी.' फाटक उघडलं आणि ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली.

झोप न लागलेल्या त्या रात्री उशिरा मी दादाला वेगळा मेसेज केला. ग्रुपवर नाही, त्याच्या नंबरवर. दुपारची पॅसेंजर ताकारीला किती वाजता येते, एवढंच विचारलं. सकाळी त्याचं उत्तर होतं: 'वेळ बदलत्या. तू कधी येतीयास ते सांग, मी फलाटावर थांबतो.'