मेहंदीने केस काळे होत नाहीत

आज संध्याकाळी दुकानात जे ऐकलं त्याने डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

माझ्या पुढे एक काकू उभ्या होत्या. सुनेचं डोहाळजेवण आहे, केस काळे करायचे होते. "कलप नको हो, त्यात केमिकल असतं. काळी मेहंदी द्या." दुकानदाराने हिरवं पाकीट पुढे सरकवलं. वर मेहंदीची पानं, आवळा, जास्वंद, शिकेकाई, सगळी बाग छापलेली. "शंभर टक्के हर्बल आहे काकू, बिनधास्त लावा." मी पाकीट मागून घेतलं आणि उलटं केलं. खाली शिवणीजवळ, चिकटवलेल्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: पॅरा-फेनिलिनडायअमाइन. म्हणजे पीपीडी. म्हणजे काकू ज्याला घाबरत होत्या तोच कलप, मेहंदीच्या वेषात.

अहो, काळी मेहंदी नावाचं झाड कुठेही उगवत नाही! मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केरॅटिन या प्रथिनाला धरून बसतं आणि केशरी-तांबडा रंग देतं. पांढऱ्या केसावर केशरी, काळ्यावर नुसती तांबूस झाक, बस. आपल्या आज्यांनी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवली तरी फार तर तपकिरी. वरून निळीच्या पानांची पूड लावली तर काळपट होतात, पण त्याला दोनदा डोकं माखून बसावं लागतं. जी पूड पाण्यात कालवल्यावर वाडग्यातच काळी पडायला लागते, जी "लगेच लावा" असं पाकिटावर बजावलेलं असतं आणि अर्ध्या तासात डोकं काळंकुट्ट करते, तिच्यात पीपीडीसारखा कलपच असणार.

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितेय ते माझ्या आत्यामुळे. धाकट्या मुलाच्या लग्नाआधी तिने अशीच काळी मेहंदी लावली. आधीही लावायची, कधी काही झालं नव्हतं. त्या रात्री डोकं खाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कानाच्या पाळ्या सुजल्या, त्यानंतर सकाळी डोळे उघडेनात. भांगातून लस वाहत होती, उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवून वाचलं आणि म्हणाले, "मेहंदी कुठली, हा डाय आहे." आत्याचं एकच पालुपद: "अरे पण ह्याच्यावर पानं काढलीयत की!"

पानं काढलीयत. ह्या एका वाक्याने मला आजही कसंतरी होतं. तिने फसवणूक विकत घेतली, पैसे मोजून.

"मी किती वर्षं लावतेय, मला नाही काही झालं," असं म्हणणाऱ्या इथेही येतीलच. असेल, बहुतेकींना होतही नाही. पण ही ॲलर्जी अशीच असते, शरीर आधी ओळख करून घेतं आणि नंतर कधीतरी भडकतं. आत्यालाही आधी काही झालं नव्हतंच ना? अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थेने २००६ साली पीपीडीला 'वर्षाचा ॲलर्जन', म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. आपल्याकडेही आधी त्वचेवर थोडं लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, असा इशारा छापायचा नियम जुना आहे. छापतातही. त्या घडीत!

आणि "कलपामुळे उरलेले काळेही पिकतात" हे तरी नीट समजून घ्या. केस पिकतो तो मुळाशी, रंग तयार करणाऱ्या पेशी थकल्या की. बाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो कलपाने पिकत नाही. पण क्रीमच्या डायमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते तुमच्या चांगल्या काळ्या केसातलं मेलॅनिनही, म्हणजे मूळचा काळा रंगही, खातं. म्हणून डाय उतरला की उरलेले काळे केस तांबूस, भुरे दिसतात, आणि ते लपवायला पुन्हा डाय. त्यातून सुटका नाही.

तेलवाल्यांचंही तेच. माका, कढीपत्ता, जास्वंद घातलेलं तेल मीही लावते. खोबरेल केसात मुरतं, केस तुटायचे कमी होतात, चकाकी येते, काळे केस जरा गडद दिसतात. पण पिकलेला केस तेलाने मुळापासून काळा होतो म्हणणारा खोटं बोलतोय. विशीतल्या मुलीचे केस पिकायला लागले तर बाटल्या आणण्यापेक्षा बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या.

लिहिता लिहिता राग जरा निवला, कारण आत्याचं दुसरं एक बोलणं आठवलं. बरी झाल्यावर मी तिला विचारलं, एवढी काय गरज होती गं? म्हणाली, "विहीणबाई माझ्याहून मोठ्या, पण त्यांचे केस काळे. मांडवात सगळे मलाच आजी म्हणाले असते." मामांचे केस पिकले की रुबाबदार दिसतात, आत्याचे पिकले की ती म्हातारी. आज दुकानातल्या काकूंच्या चेहऱ्यावरही तीच धास्ती होती. त्यांना कोण नावं ठेवणार? मी तर नाही. केस काळे करायचे असतील तर जरूर करा, डायने करा, पण डाय आहे हे माहीत असून करा. आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबा. एवढा हक्क तरी बाईला आहे की नाही?

तो हक्कच ही पाकिटं काढून घेतात, म्हणून मला ती सहन होत नाहीत. "केमिकल डाय" असं पुढच्या बाजूला ठसठशीत मराठीत लिहा आणि मग विका. घेणारे घेतीलच.

काकूंनी ते पाकीट परत दिलं. दुकानदार माझ्यावर वैतागला, वैतागू दे.

ज्यांच्या घरी आई, सासू, मावशी "काळी मेहंदी" लावतात त्यांनी आज ते पाकीट शोधा, मोबाईलने मागच्या बाजूचा फोटो काढा आणि मोठा करून त्यांना वाचून दाखवा. आणि ज्यांना एकदा असा त्रास झालाय त्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जाताना आठवणीने सांगा, कारण बेन्झोकेनसारखी भुलीची औषधंही अशा लोकांना त्रास देऊ शकतात. आत्याने तिच्या फाईलवर हे लाल पेनाने लिहून ठेवलंय.