सहल वेरूळला जाते, तेरला का नाही?

दसरा झाला की मराठवाडा फिरावा. पाऊस उघडलेला असतो, शिवारात सोयाबीनच्या राशी चाललेल्या असतात आणि बालाघाटात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. यंदा आम्ही मुद्दाम पैठण ते तेर हा रस्ता धरला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ही दोन्ही गावं जोडीनं येतात. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, असं त्यात लिहिलंय. तगर म्हणजेच आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथलं सुती कापड अन् मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायची.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हा व्यापार डोळ्यांना दिसतो. पांढऱ्या चिकणमातीच्या बायकांच्या मूर्ती बघा. बोटभर चेहरा, पण केसांची वळणं अन् कानातले दागिने नीट ओळखू येतात. दोन साच्यांत माती दाबून दोन्ही अर्धे जोडायचे, अशी ती पद्धत. इटलीतल्या पाँपेईत, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडली गेलेली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती याच पट्ट्यातून गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. आमच्या किती पोरांना हे माहीत आहे?

हा खजिना एका गावकऱ्यामुळे टिकला. आपल्याकडे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती उकरून न्यायची जुनी रीत. जुन्या वस्तीची टेकाडं अशीच खचत गेली, अन् पावसानंतर मणी, नाणी, खापरं उघडी पडायची. रामलिंगप्पांनी ती जपली. पैठणलाही बाळासाहेब पाटलांनी असाच संग्रह उभा केला.

म्हणून मला छोट्या संग्रहालयांतल्या पाट्या खटकतात. वाटेत एका ठिकाणी कपाटावर नुसतं 'मृण्मय मूर्ती, सातवाहन काळ' एवढंच होतं. कुणाच्या शेतात मिळाली, कशासाठी घडवली, काही नाही. त्यावर उपाय म्हणून वस्तू मुंबई-पुण्याला हलवा असं कुणी सुचवलं, तर माझा ठाम विरोध आहे. ज्या मातीतून ती मूर्ती निघाली, ती माती चार पावलांवर असताना बघण्यातच खरा अर्थ आहे. गावातल्याच शिकलेल्या पोरापोरींना प्रशिक्षण देऊन मानधनावर वाटाडे नेमा, पाट्या साध्या मराठीत लिहा.

आणि शिक्षक मंडळींनो, वेरूळ-अजिंठा जरूर दाखवा, पण लातूर-धाराशिवच्या शाळांनी एक सहल तेरला काढाच. गोरोबाकाकांचं दर्शन होईल, विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर होईल, आणि संग्रहालयाला निदान दोन तास ठेवा. पोरांना वही-पेन्सिल घेऊन काचेसमोर बसू द्या, आवडेल त्या मूर्तीचं चित्र काढू द्या.