खुलासा : सहा इंची रिव्हॉल्व्हर पोलीस खरंच वापरत होते

जुन्या अमेरिकन पोलिसांच्या फोटोंखाली एक दावा हमखास दिसतो : लांब नळीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे शिकारीचं किंवा नेमबाजीचं हत्यार, गणवेशातला पोलीस ते कमरेला लावत नसे, ही सगळी सिनेमाची करामत.

हे चूक आहे. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसचे गणवेशधारी पोलीस सहा इंची नळीचं, .३८ स्पेशल नावाची काडतुसं वापरणारं रिव्हॉल्व्हर घेऊन गस्त घालत. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलमध्येही (त्या राज्याचे महामार्ग पोलीस) सहा इंची रिव्हॉल्व्हरच रूढ होतं. कारण सोपं आहे. नळी लांब असली की नेम धरायची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच यांतलं अंतर वाढतं, आणि ते वाढलं की नेम धरताना झालेली चूक लवकर लक्षात येते. शिवाय गोळीला थोडा जास्त वेग मिळतो. गाडीत बसताना मात्र एवढी नळी सीटवर टेकते. म्हणून फिरत्या सांध्याची होल्स्टर (कमरेला लावायची बंदुकीची म्यानं) निघाली.

दाव्यात तथ्य आहे ते इतकंच की देशभर जास्त चालली ती चार इंची नळी. साध्या वेशातल्या तपास पोलिसांना दोन इंची पुरे. कोल्ट कंपनीचं तसलं दोन इंची 'डिटेक्टिव्ह स्पेशल' १९२७चं. आणि सिनेमावाल्यांची आवडती आठ इंचांहून लांब नळी? ती रोजच्या ड्युटीची कधीच नव्हती.

मोजमापातही गोंधळ होतो. रिव्हॉल्व्हरची नळी काडतुसं भरायच्या फिरत्या चक्राच्या पुढून मोजतात, पिस्तुलाची मात्र काडतुसाच्या घरासकट. त्यामुळे चार इंची रिव्हॉल्व्हर फोटोत भलतंच लांब भासतं.