‘दोन रात्री अंधारात काढल्या’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला, फोटोही नीट पाहिले. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मे महिन्यात तुम्ही आमची मोटरहोम जळगावहून नेली. पहिली रात्र चोपड्याजवळ भावाच्या केळीच्या बागेत, दुसरी तोरणमाळला. दोन्ही रात्री गाडीतली वीज गेली. एसी बंद, पंखे बंद, फ्रीजमधलं मुलांचं दूध नासलं. मालकाने, म्हणजे मी, फोनवर "लाल स्विच फिरवा" एवढं सांगून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या रात्री तर त्याचा फोनच लागला नाही. तुमचं म्हणणं असं की इंजिन मस्त सुरू होत होतं, म्हणजे घरातली बॅटरीच मेलेली होती, म्हणून अर्धं भाडं परत द्यावं.

लहान मुलं, खान्देशातला मे आणि बंद पंखा. त्रास झाला असणारच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण बॅटरी मेलेली नव्हती. हे नुसतं तोंडाने म्हणून चालणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इंजिनाचं. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करणारी, बोनेटखालची. दुसरी घराची: दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फ्रीज आणि इन्व्हर्टर तिच्यावर. दोन्ही मुद्दाम वेगळ्या ठेवतात, म्हणजे रात्रभर दिवे जळले तरी सकाळी गाडी ढकलायची वेळ येत नाही. त्यामुळे इंजिन सुरू होण्यावरून घरच्या बॅटरीबद्दल काहीच कळत नाही, ना चांगलं ना वाईट.

आता तुमचा तिसरा फोटो. त्यात गाडीची केबल शेतातल्या पाण्याच्या मोटरीच्या पेटीपर्यंत गेलेली दिसते. भावांनी बहिणीच्या सोयीसाठी केलं, त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. वावरात रात्री दिवा लावायचा तर आपल्याकडे सगळे असंच करतात. पण केबलच्या दोनच वायरी जोडलेल्या आहेत, आणि त्यातली एक खाली जमिनीत ठोकलेल्या सळईकडे गेली आहे. म्हणजे फेज पेटीतून घेतला आणि न्यूट्रलऐवजी (परतीच्या वायरीऐवजी) जमीन वापरली.

अशा जोडणीवर मीटर फसवतो. नुसता लावला तर 215 व्होल्ट दाखवेल, दिवाही लागेल, आणि सगळ्यांना वाटेल की लाईन छान आहे. एसी सुरू झाला की सहा-सात अँपियर त्या सळईतून जमिनीत जायला हवेत. मे महिन्यातली वाळलेली जमीन ते सहज जाऊ देत नाही. सळईचा अडथळा समजा पाच ओहम धरला, तर सात अँपियरला 35 व्होल्ट तिथेच जातात आणि गाडीपर्यंत 180 पोहोचतात. खऱ्या सळईचा अडथळा यापेक्षा जास्तही असू शकतो. त्यात शेतीची लाईन रात्री आली की प्रत्येक वावरातला ऑटो स्टार्टर एकाच वेळी पंप उचलतो आणि सगळ्या शिवाराचा व्होल्टेज आणखी बसतो. रात्री एकच्या सुमारास "अचानक सगळं गेलं" असं तुम्ही लिहिलं आहे, ते याच्याशी जुळतं.

बाहेरची लाईन गाडीत येते ती चार्जरमधूनच, आणि आमच्या गाडीतला चार्जर 180 व्होल्टच्या खालची लाईन आत घेत नाही. ही मर्यादा मी स्वतः लावून घेतली आहे. कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर अडकतो, जास्त करंट ओढतो, तापतो आणि वाइंडिंग जळतं. त्या रात्रीचे ‘इनपुट लो’ असे फॉल्ट चार्जरच्या मेमरीत लागोपाठ नोंदलेले आहेत. काही ग्राहक म्हणतात ही मर्यादा काढून टाका. मी काढणार नाही.

आणि खरं सांगू का, एसी बंद पडला ही त्या रात्रीतली सगळ्यात किरकोळ गोष्ट होती. दोन वायरींच्या जोडणीत गाडीच्या बॉडीला अर्थिंग मिळत नाही. रबरी टायरवर उभ्या गाडीत कुठे गळती झाली तर सगळा पत्रा जिवंत होतो. आत 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) आहे, पण अर्थिंग नसताना ते कुणीतरी पत्र्याला हात लावल्यावरच पडणार. त्या सळईजवळची जमीनही धोक्याची, विशेषतः ओली असेल आणि मुलं अनवाणी असतील तर. शिवाय पेटीत तीन फेज असतात. अंधारात चुकून दोन फेज जोडले गेले असते तर आत 230 च्या जागी 415 व्होल्ट आले असते. म्हणून करारात लिहिलं आहे आणि गाडी देताना सांगतोही, की घराच्या किंवा हॉटेलच्या अर्थिंगवाल्या 16 अँपियरच्या सॉकेटशिवाय केबल जोडू नका. मोटरीच्या पेटीला तर नाहीच.

आता बॅटरी. ती 200 अँपियर-अवरची लिथियम आहे, 12.8 व्होल्टची, म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण अडीच युनिट वीज. एसी तिच्यावर जोडलेलाच नाही, कारण दोन तासही निघणार नाहीत. दिवे, 12 व्होल्टचे पंखे आणि फ्रीज यांवर मात्र रात्र आरामात जाते. तुमच्याच पाचव्या फोटोत इन्व्हर्टरच्या सॉकेटवर इंडक्शन शेगडी आहे, शेजारी भावांकडचा मोठा कूलर आहे. 1800 वॅटची शेगडी बॅटरीतून दीडशे अँपियरच्या वर ओढते. शेवभाजी आणि भात मिळून पाऊण तास धरला तर निम्मी बॅटरी तिथेच संपली. उरलेली कूलरने आणि फ्रीजने. लाईन आत येत नव्हती, सोलरला रात्री ऊन नाही, मग बॅटरीच्या बीएमएसने (तिची राखण करणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलं. लिथियम बॅटरीत हेच व्हायला हवं, नाहीतर सेल कायमचे खराब होतात. (मेच्या दुपारी सोलरही छापील वॅट देत नाही, बरं का. पॅनल तापलं की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के कमी. आपल्याकडचं ऊन सोलरला चांगलं आणि उष्णता वाईट.)

फोनवर मी सांगितलं होतं ते असं: सगळे प्लग काढा, सीटखालचा लाल स्विच पाच मिनिटं बंद करा म्हणजे लोड सुटेल, मग परत चालू करा, आणि इंजिन अर्धा तास चालू ठेवा. इंजिनाचा अल्टरनेटर डीसी चार्जरमधून घरच्या बॅटरीला 30 अँपियर देतो, त्यानेच बीएमएस जागं होतं. तुमच्या रिव्ह्यूत "स्विच बंद केला तरी काही झालं नाही" असं आहे. चालू केल्याचं आणि इंजिन लावल्याचं त्यात नाही. झोपलेली मुलं, मध्यरात्र, इंजिनाची घरघर, ते मी समजू शकतो.

दुसऱ्या रात्रीचं उत्तर मात्र इथेच आहे. चोपडा, शिरपूर, शहादा आणि पुढे घाट, एवढ्या चार-पाच तासांच्या प्रवासात बॅटरीत सव्वाशेच्या आसपास अँपियर-अवर भरले गेले. हा डीसी चार्जर थेट बॅटरीला जोडलेला आहे, लाल स्विच बंद असला तरी चार्जिंग होतं. पण स्विच बंद म्हणजे गाडीत दिवा नाही, फ्रीज नाही, काहीच नाही. गाडी परत आली तेव्हा आमच्या मुलाने तुमच्यासमोर सीट उचलली होती. स्विच बंदच होता, बॅटरीत मात्र वाटेत भरलेला चार्ज होता. म्हणजे तोरणमाळला तुमच्याजवळ रात्रभराची वीज होती.

फोन लागला नाही हे खरं, कारण वर रेंजचा भरवसा नाही. "लाल स्विच चालू आहे का बघा, मग इन्व्हर्टरचं बटण दाबा" असा माझा मेसेज त्याच संध्याकाळी निघाला होता. तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी खाली शहाद्याकडे उतरल्यावर पोहोचलेला दिसतो.

गाडी आल्यावर आम्ही काहीही बदलण्याआधी सगळं तपासलं. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज शाबूत, टर्मिनल घट्ट, आरसीसीबी टेस्ट बटणाला लगेच पडलं. आमच्या शेडच्या लाईनवर एसी लावून क्लॅम्प मीटरने लोड पाहिला, चार्जरने लाईन विनातक्रार घेतली. शेवटी बॅटरी पूर्ण भरून 40 अँपियरच्या ठरावीक लोडवर रिकामी केली. 190 अँपियर-अवरच्या वर निघाले. मेलेली बॅटरी एवढं देत नाही.

ज्यांच्या गाडीत साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे त्यांच्यासाठी: लोड काढून तासाभराने मीटर लावा. 12.7 असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. लिथियमला हा हिशोब लावू नका, तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ एकाच जागी राहतो. तिथे अँपियर मोजणारा मॉनिटरच खरं सांगतो. आणि वीज गेली की बॅटरीकडे धावण्याआधी बाहेरून येणारी लाईन लोड लावून मोजा. अर्धे घोटाळे तिथेच सापडतात.

ताई, अनामत पूर्ण परत दिली आहे, कारण गाडीचं काही नुकसान झालेलं नाही. अर्धं भाडं मी परत देणार नाही. चार्जरमधले फॉल्ट आणि बॅटरी टेस्टचे आकडे यांचे फोटो तुमच्या नंबरवर पाठवले आहेत. भावांना दाखवा. त्यांना पटलं नाही तर चोपड्याहून जळगाव फार लांब नाही, तीच टेस्ट त्यांच्यासमोर पुन्हा लावतो. टेस्टला साधारण पाच तास लागतात, म्हणून सकाळीच या.